मुठीतला बेदाणा

मी पदवीधर झालो तो कवठे महांकाळच्या मुजावर काकांमुळे, आणि यंदा फेब्रुवारीत मुठीत द्राक्षं धरून दोन जिल्हे फिरलो तेही त्यांच्याचमुळे. म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो.

मुजावर काका शिंपी. पंधरा वर्षं ते फौजेत शिंपी होते. जवानांच्या वर्द्या शिवता शिवता खिडकीतून समोरच्या मैदानावरचं तायक्वांदो बघायचे, आणि एके दिवशी मशीन बंद करून स्वतःच रांगेत जाऊन उभे राहिले. गावी आले ते काळा पट्टा घेऊन. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी वर्ग सुरू केला. आमचे पांढरे ड्रेस ते स्वतः शिवायचे, आणि वाढत्या अंगाचा म्हणून सगळ्यांचे दोन बोटं मोठे शिवायचे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी लाल पट्टा मागायला गेलो तेव्हा काका म्हणाले, "आधी बारावीचं मार्कशीट आण." काळा पट्टा मिळाला, तो त्यांनी बी. ए.च्या निकालापर्यंत मशीनच्या खणात ठेवला. पट्टा आणि मार्कशीट यांचा संबंध कोरियात कुणाला माहीत नसेल, पण आमच्याकडे तो नियमच आहे.

आता संघटनेने नवा नियम काढला होता. वर्ग चालवायचा तर शिकवणाऱ्याचा दुसरा डॅन, म्हणजे काळ्या पट्ट्याची दुसरी पायरी, झालेला पाहिजे. काकांचा पहिलाच डॅन, आणि त्यांचा खुबा गेल्या वर्षी निकामी झाला. म्हणजे जबाबदारी माझ्यावर. आणि मी दोनदा नापास.

त्याला कारण आमचं घर. वडील पैलवान, चुलते पैलवान, मी सातव्या वर्षापासून तालमीत. काकांकडे आलो तोवर हातांना लागायच्या त्या सवयी लागून गेल्या होत्या. पहिल्या परीक्षेत झुंजीआधी वाकून नमस्कार करायच्या जागी मी मांडीवर शड्डू ठोकला. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, 'उद्धट'. दुसऱ्या वेळी समोरच्याने लाथ मारली, ती मी हवेतच धरली आणि त्याला उचलून चटईवर टाकला. तायक्वांदोत धरणं हा दोष. प्रेक्षकांतले एक फेटेवाले आजोबा मात्र खाली उतरून आले आणि त्यांनी मला नारळ दिला. परीक्षकांनी काहीच दिलं नाही.

त्या रात्री काकांना फोनवर मी सांगितलं, "निकाल यायचाय." काका आठ दिवस वाट बघत होते. हे मला अजून लागतं.

ही तिसरी आणि शेवटची संधी. नाहीतर महिनाअखेरीला वर्गाचं नाव यादीतून कमी होणार होतं.

निघायच्या दिवशी काका खुर्चीत बसून काज करत होते. म्हणाले, "पलूसला सुरेखाकडं सहा दिवस ऱ्हा, झुंज ती सुधारंल. वाईला दीक्षित गुरुजींकडं दोन दिवस, पूमसेसाठी. मंग साताऱ्याला परीक्षा. अन् निकाल लागला की पत्र धाड."

"पत्र? आवं काका, फोन करतो की."

"फोनवर तू खोटं बोलतूस. कागदावर तुझा हात थांबंल. आधी चुका लिव, निकाल शेवटाला. आन् एम. ए.चं काय झालं रं?"

"बघू," मी म्हणालो. एक लांब पाकीट बॅगेच्या तळाशी होतं, ते मी टॉवेलखाली सरकवलं.

पलूस

सुरेखाताई काकांच्या पहिल्या तुकडीतल्या. राज्य पातळीवर खेळलेल्या. आता पलूसला त्यांची द्राक्षबाग आहे, आणि द्राक्षं पॅकिंग करायच्या शेडमध्ये संध्याकाळी त्यांचा वर्ग भरतो. दिवसभर पेट्या, संध्याकाळी लाथा. मी पोचलो तशी त्यांनी मला पेट्यांच्या वजनकाट्यावर उभं केलं.

"सदुसष्ट दोनशे," त्या म्हणाल्या आणि रिकाम्या खोक्यावर पेन्सिलीने लिहून ठेवलं. "तुझा गट अडुसष्टच्या आतला. साताऱ्यात जोडी वजनावर लावत्यात. वर गेलास तर मोठा गडी येईल समोर. हितं मी दीन तेवढंच खायचं."

त्या देतील ते असं: सकाळी मोडाची मटकी आणि दोन उकडलेली अंडी, दुपारी ज्वारीची एक भाकरी, पालेभाजी, ताक, संध्याकाळी पुन्हा मटकी. आमच्या घरी एवढ्यावर म्हशीची रवंथसुद्धा झाली नसती.

पण त्या घरात आक्का होत्या. आक्का म्हणजे सुरेखाताईंच्या सासूबाई. त्यांचे वडील नावाजलेले पैलवान. त्यांनी मला उभाआडवा न्याहाळला.

"ह्यो पैलवान हाय व्हय? ह्येच्यापरीस बागंतलं बुजगावणं भरीव हाय."

"आत्या, ह्यो कुस्तीचा न्हाई. ह्येला वजन वाढून चालत न्हाई."

"वजन वाढून चालत न्हाई?" आक्का खाली बसल्या. "मंग ह्यो खेळ काढलाय कशापायी?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दोरीवरच्या उड्या मारत होतो. आक्का गोठ्यातून आल्या. पदराखालून पितळी तांब्या निघाला. धारोष्ण दूध, त्यात तूप, वर वाटलेले बदाम.

"आक्का, ताई रागावतील."

"ती बागंत गेलीया. पी गप. आमच्या आबांनी ह्येच्यावर गदा आणल्या."

वडीलधाऱ्या बाईने पहाटे उठून वाटलेल्या बदामांना नाही कसं म्हणायचं, हे मला बी. ए.ला कुणी शिकवलं नव्हतं. मी प्यायलो. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी मी उड्या मारायला पाच मिनिटं लवकर आलो.

झुंजीचं शिक्षण मात्र कडक होतं. ताई म्हणायच्या, "त्याच्या पायाकडं बघू नको, कमरंकडं बघ. पाय फसवतो, कंबर फसवत न्हाई." पुढचा पाय सतत किंचित उचललेला ठेवायचा, दार अर्धं लोटून ठेवल्यासारखा, समोरचा आत आला की तोच पाय त्याच्या पोटाला लावायचा. आपण होऊन धावायचं नाही. अर्धं पाऊल मागे घ्यायचं, त्याला वाटू द्यायचं की हा भ्यायला, आणि तो आत शिरला की गिरकी घेऊन मागच्या पायाची टाच छातीच्या चिलखतावर. कुस्तीत आम्ही अंगाला अंग भिडवायला बघतो. इथे सगळा खेळ दोघांमधल्या मोकळ्या जागेचा. सुरुवातीला मला त्या जागेत एकटं वाटायचं.

आणि अंग भिडलं की माझे हात आपोआप उघडायचे. पहिल्या दिवशी मी चार जणांचे पाय धरले. त्यातला एक तर ताईंचा होता. धरल्यावर मी इतका घाबरलो की सोडायचंच विसरलो. ताई एका पायावर उभ्या राहून म्हणाल्या, "आता काय करतूस? सत्कार?"

मग त्यांनी पेटीतून दोन द्राक्षं उचलली आणि माझ्या दोन्ही मुठींत एकेक ठेवलं.

"मूठ उघडलीस तर खाली पडंल. लय आवळलीस तर फुटंल. दोन्ही न करता खेळ."

पहिल्या संध्याकाळी माझे कोपरापर्यंत हात चिकट झाले आणि शेडभर मुंग्या लागल्या. दुसऱ्या संध्याकाळी अकरा द्राक्षं गेली. तिसऱ्या दिवशी ताईंचे मालक येऊन म्हणाले, "पावणं, ही एक्स्पोर्टची हायती. फुटायचीच असतील तर ती कडंची घ्या." चौथ्या दिवशी कडेची घेतली. पाचव्या दिवशी दोन मिनिटांची पूर्ण फेरी झाली आणि ताईंनी "गुमान!" म्हणजे थांबा म्हटलं तेव्हा दोन्ही मुठींत अख्खं द्राक्ष होतं. कोमट झालेलं, पण अख्खं. मी ते खाल्लं. इतकं गोड द्राक्ष मी आयुष्यात खाल्लेलं नाही.

सहाव्या दिवशी काट्यावर अडुसष्टला शंभर ग्रॅम कमी. ताईंनी खोक्यावरचे आकडे पुन्हा वाचले.

"मटकी खाऊन कुणाचं वजन वाढतंय का रं?"

ताईंच्या मागे दारात आक्का उभ्या होत्या आणि त्यांचं बोट ओठांवर होतं. मी म्हणालो, "हवा मानवली असंल."

निघताना ताईंनी बेदाण्याची एक पुडी दिली. "द्राक्ष काय परीक्षेपर्यंत टिकायचं न्हाई. सरावाला ह्ये धर." पिशवी उचलली तर ती भलतीच जड लागली. आत आक्कांनी सरकवलेला तुपाचा डबा होता.

वाई

दीक्षित गुरुजी चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. घराणं घाटावरच्या पुरोहितांचं. शाळेत असताना मुलांना घेऊन ते एका शिबिराला गेले, आणि मुलांनी सोडून दिलं तरी गुरुजींनी तायक्वांदो सोडलं नाही. झुंज ते खेळत नाहीत. त्यांचं सगळं लक्ष पूमसेवर. पूमसे म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली: समोर कुणी नाही, आणि आहे असं समजून मारायचं आणि अडवायचं.

सकाळी सहाला कृष्णेच्या घाटावर धुकं होतं. गुरुजींनी धोतराचा काचा मारला, रांगोळीचा डबा काढला आणि फरशीवर एक आकृती रेखली. एक लांब आडवी रेघ, तिला छेदणारी उभी, आणि खाली एक आखूड आडवी.

"दुसऱ्या डॅनच्या पूमसेचं नाव कोर्यो. तिची पावलं जमिनीवर अशी पडतात. हे अक्षर आहे. अर्थ माहीत आहे का?"

"नाही गुरुजी."

"शिकलेला माणूस. विद्वान, पण कणा असलेला. मुजावरांनी तुझ्याबद्दल कळवलं तेव्हा मला वाटलं, घरातला पहिला पदवीधर ही आकृती पायांनी काढणार. नीट काढ हो."

मी गहिवरलो आणि त्या भरात पहिल्याच वळणाला चुकलो.

कोर्योची सुरुवात दोन्ही तळवे चेहऱ्यासमोर धरून, पाण्यावरची घागर हळू ढकलावी तशी. मग एकाच पायाच्या लागोपाठ दोन लाथा, एक गुडघ्याच्या उंचीला, एक डोक्याच्या. मधेच एक हालचाल आहे: एका हाताने शत्रूची टाच उचलून धरायची, दुसऱ्याने गुडघा दाबायचा. म्हणजे झुंजीत ज्यासाठी मी नापास होतो, तेच इथे करायचं! त्या जागी आलो की मला आजोळी आल्यासारखं व्हायचं. मी टाच अशी उचलायचो की गुरुजी म्हणाले, "अरे, हळू. समोर कुणी नाही, त्याला मणक्याचा आजार कशाला देतोस?"

साडेसातला बायका आंघोळीला आणि दर्शनाला येऊ लागल्या. आम्ही चहाला गेलो. परत येऊन बघतो तर रांगोळीच्या मधोमध हळदकुंकू, दोन झेंडूची फुलं आणि एक केळं. एक आजी हात जोडून उभ्या होत्या.

"कुठलं यंत्र आहे हो गुरुजी?"

गुरुजी सत्यवचनी माणूस. म्हणाले, "कोरियन आहे."

"असू दे. देव काय, कुठलाही," आजी म्हणाल्या आणि प्रदक्षिणा घालून गेल्या. त्यानंतरची पूमसे मी फुलांवर पाय पडू नये म्हणून इतकी जपून केली की गुरुजी खूष झाले. "पाऊल असंच पडलं पाहिजे. खाली फूल आहे असं."

गुरुजींच्या घरी खाणं साधं: ताक, लाह्या, मुगाची खिचडी. मला हायसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कुळाचार निघाला आणि पुरणपोळ्या झाल्या. पलूसला वाढणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. वाईत पानात टाकता येत नाही. मी पोळी खाल्ली आणि वर तुपाचा डबा गुरुजींच्या घरात देऊन टाकला, म्हणजे निदान तो तरी माझ्यासोबत नको. गुरुजींच्या पत्नींनी तो उघडला आणि त्यातलंच तूप माझ्या तिसऱ्या पोळीवर ओतलं.

सातारा

परीक्षा एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशी तिथे लग्न लागलेलं, त्यामुळे व्यासपीठावर झालर तशीच आणि नवरानवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्याही तशाच. एकीवर कोरियाहून आलेले परीक्षक किम मास्तर बसले होते, साठीचे, बुटके, पाठ सरळ. दुसरीवर पुण्याचे दुभाषे. मागे थर्माकोलचे दोन मोर.

शनिवारी संध्याकाळी वजनं झाली. अडुसष्ट किलो चारशे.

"एक तास देतो," काट्यावरचे गृहस्थ म्हणाले. "पळून या."

मी स्वेटर, त्यावर रेनकोट घालून अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने पळत सुटलो. फेब्रुवारीत रेनकोट घालून पळणारा माणूस बघून दोन कुत्री सोबत आली. वर एक कुटुंब फिरायला आलेलं. त्यांच्या मुलीला सैन्यात नोकरी लागली होती आणि ते भेटेल त्याला कंदी पेढा देत होते.

"घ्या की पावणं. पोरगी आमची पैली हाय घरातली."

घरातली पहिली म्हटल्यावर माझा हात पुढे झाला. आई, वडील आणि मुलगी अशा तिघांच्या हातचे तीन पेढे झाले. खाली आलो. अडुसष्ट किलो शंभर.

"आता?" मी विचारलं.

"आता वरचा गट," ते म्हणाले आणि माझं नाव चौऱ्याहत्तरच्या यादीत लिहिलं.

त्या रात्रीच्या जेवणाला किम मास्तर आमच्याच पंगतीत होते. सोबत कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, किमची, डब्यात आणलेलं. आमच्या ताटात झुणका, भाकरी, खर्डा. त्यांनी खर्डा बोटभर चाखला, कपाळावर घाम आला, आणि पुन्हा मागितला. मला त्यांनी किमची दिली. लागली आमच्या मुरलेल्या लोणच्यासारखीच. दुभाष्यांमार्फत त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे खेळाडू काय खातात?" मी म्हणालो, "जे समोर येईल ते. तीच अडचण आहे."

रविवारी सकाळी पूमसे चांगली झाली. फरशीवर फूल आहे असं समजून पाऊल टाकलं. दुपारी झुंज. समोर सुट्टीवर आलेला एक फौजी, रणजित नावाचा. माझ्यापेक्षा वीतभर उंच. त्याने हसून हात मिळवला, तसा माझा हात त्याच्या पंजात दिसेनासा झाला.

आता इथे मी जे केलं ते लिहिताना माझाही हात थांबतोय. हातमोजे चढवण्याआधी मी दोन्ही मुठींत एकेक बेदाणा ठेवला. सरावात ठेवत होतो, सवय झालेली. कुणाला त्रास नाही, काही कठीण वस्तू नाही, असं मनाला सांगितलं. पण विचारलं कुणालाच नाही.

पहिली फेरी उत्तम गेली. तो आत आला, मी अर्धं पाऊल मागे, गिरकी, टाच चिलखतावर. दोनदा लागली. मुठी बंद. फेरी संपली, रांगेत उभे राहिलो, मी वाकून नमस्कार केला, आणि हात बाजूला सोडताना उजव्या मोज्यातून बेदाणा टपकन खाली पडला. निळ्या चटईवर तो काळा दिसत होता आणि माझ्या डोळ्यांना नारळाएवढा.

किम मास्तर मखमली खुर्चीतून उठले आणि खाली आले. त्यांनी बेदाणा उचलला, उजेडात धरला, वास घेतला. दुभाष्यांनी विचारलं, "हे काय आहे? मोज्यात काय लपवलंत?"

"बेदाणा आहे. सांगलीकडचा." डाव्या मोज्यातला दुसरा काढून मी त्यांच्या तळहातावर ठेवला. "मी तालमीतला आहे. माझे हात पाय धरायला उघडतात. ते उघडू नयेत म्हणून ठेवला. विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

रणजित मागून म्हणाला, "मला तरी सांगायचं गड्या, मीबी एक धरला असता."

लोक हसले. किम मास्तर हसले नाहीत. ते बराच वेळ दुभाष्यांशी बोलले. मग निर्णय सांगितला: पहिली फेरी रद्द. बेदाण्याशिवाय, रिकाम्या हातांनी पुन्हा एकच फेरी. हारजीत नाही, त्या फेरीतला खेळ बघून निकाल.

"शिजाक!" म्हणजे सुरू करा, अशी हाळी झाली.

मुठी रिकाम्या होत्या आणि मला त्या परक्या वाटत होत्या. एक मिनिट बरं गेलं. मग आम्ही जवळ आलो, अंगाला अंग लागलं, आणि रणजितने मागे सरता सरता लाथ वर काढली. ती येताना मला स्पष्ट दिसत होती. घोटा माझ्या उजव्या हातापासून चार बोटांवर. सात वर्षांचा असल्यापासून मी असल्या घोट्याचीच वाट बघत आलो आहे. हात वर निघाला. अंगठा सुटला. मनात पलूसची शेड आली, मुंग्या आल्या, काकांची रिकामी खुर्ची आली, आणि अंगठा पुन्हा मिटला.

लाथ सरळ कानावर बसली.

त्याला तीन गुण. माझ्या कानात मंगलाष्टकं. पण हात बंद होते.

निकाल पाच वाजता लागला. साडेपाचला मी पोस्टाच्या पेटीसमोर एका कट्ट्यावर बसून पत्र लिहिलं. ते असं:

आदरणीय मुजावर काका,

सलाम आणि साष्टांग नमस्कार.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी चुका लिहितो.

पलूसला आक्कांनी दिलेलं तुपाचं दूध पाच दिवस प्यायलो. सुरेखाताईंनी विचारलं तर हवा मानवली असं खोटं सांगितलं. त्यांनाही वेगळं पत्र टाकतो आहे. आक्कांचं नाव त्यात घालणार नाही, पण ताई ओळखतील.

वाईला तीन पोळ्या, साताऱ्याला तीन पेढे. त्यामुळे वरच्या गटात खेळावं लागलं.

मोज्यात बेदाणा ठेवून खेळलो, न विचारता. ती फेरी रद्द झाली, आणि ते योग्यच झालं.

शेवटच्या फेरीत कानावर लाथ खाल्ली. डावा कान चांगला आहे, उजव्याने अजून शिट्टी ऐकू येते. पाय धरला नाही. शड्डूही ठोकला नाही, फक्त जिंकलेल्या रणजितला मिठी मारताना त्याला चुकून थोडा उचलला. तोवर फेरी संपली होती.

आता निकाल. झुंज दोन गुणांनी हरलो. पूमसे चांगली. किम मास्तरांनी शेऱ्यात एवढंच लिहिलं आहे, 'हात शांत'. काका, मी पास झालो. दुसरा डॅन मिळाला. वर्गाचं नाव यादीत राहील. गावी आलो की रजिस्टरवर सही मी करीन. तुम्ही खुर्ची मैदानात आणून बसा आणि माझ्यासकट सगळ्यांना ओरडा.

नवा पट्टा पिशवीत आहे. बांधून बघितलेला नाही. तुम्ही आधी काय मागाल ते ठाऊक आहे, म्हणून सोबत एम. ए.च्या पहिल्या वर्षाच्या मार्कशीटची झेरॉक्स जोडली आहे. बाहेरून परीक्षा दिली होती, तुम्हाला सांगितलं नव्हतं. ही आणखी एक चूक, ती वर लिहायची राहिली.

तुमचा,
महादेव

ता. क. किम मास्तरांनी तो बेदाणा परत दिला नाही. खाल्ला. उरलेली पुडीही त्यांनाच देऊन आलो.